नव्या खोडींना नवी शेलकी विशेषणं: मराठीत विनोदी शिवी कशी घडवायची

चुगलखोर, ऐतखाऊ, घरबशा, दीडशहाणा, तोंडपुज्या, बोलघेवडा. माणसाची खोड एका शब्दात पकडायची सोय मराठीत पूर्वीपासून आहे आणि ती फार उत्तम आहे. पण सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर पाच मिनिटं फोटो काढत बसणारा, रात्री साडेदहाला ‘जरा बघून घे’ असा मेल धाडणारा साहेब, लोकलच्या डब्यात मोठ्या आवाजात रील लावणारा, या मंडळींना अजून नावं नाहीत. नाव नसलं की आपण एकतर आई-बहिणीवरची जुनी शिवी हासडतो, नाहीतर इंग्रजी शब्द उसना घेतो. दोन्हींची गरज नाही. आपले प्रत्यय आणि समास आजही तितकेच कामाचे आहेत. ते कसे वापरायचे, शब्द कुठे फसतो आणि कुठला शब्द मुळीच करू नये, ते इथे क्रमानं देतो. एका शब्दासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. दहा मिनिटांत सुचलेला शब्द बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी शिळा वाटतो.

हाताशी काय हवं

- एक वही. एका पानावर एकच खोड आणि खाली तिच्यासाठी सुचलेले सगळे शब्द, खोडलेल्यांसकट. खोडलेला शब्द पुढे दुसऱ्या खोडीला कामी येतो.
- दोन शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२ ते १९३८, पुरवणी १९५०). शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात.
- फोनमधला ध्वनिमुद्रक. शब्द स्वतःच्या आवाजात ऐकायला.
- तीन माणसं: एक साठीपुढची, एक कॉलेजातली, एक तुमच्यापेक्षा वेगळ्या भागातली. तुम्ही पुण्याचे असाल तर वऱ्हाडातली किंवा कोकणातली.

१. आधी खोड एका वाक्यात लिहा

‘आजकालचे लोक फारच दिखाऊ झालेत’ ही खोड नव्हे, तक्रार झाली. तिच्यातून शब्द निघत नाही. खोड म्हणजे डोळ्यांना दिसणारं एक कृत्य: कोण, कुठे, नेमकं काय करतो आणि त्याचा त्रास कोणाला होतो. ‘बातमीचा मथळा वाचतो, आतलं काही न वाचता त्यावर वाद घालतो.’ असं वाक्य झालं की निम्मं काम झालं.

याचा वस्तुपाठ समर्थ रामदासांनी घालून दिला आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांचा. दोन्हीकडे माणूस काय करतो ते सांगून मगच त्याला मूर्ख ठरवलं आहे. ‘पढतमूर्ख’ हा शब्द टिकला तो त्यामुळेच: शिकलेला आहे, तरी वागतो मूर्खासारखा, ही विसंगती पाच अक्षरांत बसली.

वाक्य लिहिल्यावर त्यात त्रास नेमका कशाचा, त्या शब्दाखाली रेघ मारा. शिवी त्या शब्दावर बसली पाहिजे. हातातल्या यंत्रावर बसली तर ती बोथट होते, कारण यंत्र आपणही वापरतो.

२. मराठीतला चालू साचा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठी वाचकाला नवा शब्द पहिल्याच फटक्यात कळतो, कारण त्याचा साचा ओळखीचा असतो. साच्याला स्वतःचा अर्थ आणि स्वतःचा तिखटपणा असतो. चुकीच्या साच्यात घातलेली चांगली कल्पना फुकट जाते.

-खोर. फारसीतून आलेला, मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर, भांडखोर. गुन्ह्याचा वास असलेला कडक प्रत्यय. किरकोळ खोडीला लावू नका. एक उपयोग: ‘नम्रपणे सांगू इच्छितो की’ अशी सुरुवात करून स्वतःचीच आरती ओवाळणारा. त्याच्यासाठी पहिल्यांदा ‘विनयखोर’ सुचतो आणि कानाला छान लागतो. पण थांबा. रोजच्या बातम्यांत ‘विनय’ येतो तो ‘विनयभंग’ या शब्दात, त्यामुळे विनयखोर ऐकणाऱ्याच्या मनात भलताच गुन्हा उभा राहतो. ‘नम्रखोर’ घ्या. अर्थ तोच, डाग नाही.

-बाज. हाही फारसीतलाच, ‘खेळणारा’. दगाबाज, नखरेबाज, थापेबाज. ज्याला त्या गोष्टीची चटक लागली आहे अशाला शोभतो. सोपा आहे म्हणून सगळे हाच वापरतात आणि म्हणून नवा शब्द नवा वाटत नाही. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

-खाऊ आणि -काढू, -भरू असे ऊकारान्त. ऐतखाऊ, वेळकाढू, पोटभरू. यांची मोठी सोय म्हणजे बाई-पुरुष दोघांना तेच रूप चालतं. मथळा वाचून वाद घालणाऱ्यासाठी ‘मथळेखाऊ’ इथूनच येतो: चघळायला फक्त मथळा, आतल्या मजकुराला तोंडच लावत नाही.

नाम + क्रियापद + या. घरबशा, तोंडपुज्या. हा साचा सगळ्यात सुपीक आहे, कारण यात कृत्य उघड दिसतं. ‘येतो की नक्की’ म्हणून प्रत्येक बेतात जागा अडवायची आणि ऐनवेळी टांग मारायची, ही खोड घ्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ‘रुमालटाक्या’. शब्दात फोन नाही, ग्रुप नाही, तरी खोड आजचीच आहे. डब्यात मोठ्यानं रील लावणाऱ्यासाठी याच साच्यात ‘डबागाजव्या’.

-ओबा. खंडोबा, विठोबा या नावांच्या चालीवर ‘आयतोबा’ झाला. थट्टा आहे, विखार नाही. घरातल्या माणसाला तोंडावर म्हणता येईल असा शब्द हवा असेल तर हा साचा. आलेला प्रत्येक निरोप न वाचता पुढे ढकलणारे काका असतात, ते ‘ढकलोबा’.

-कट. तेलकट, मळकट, धुरकट, पोरकट. एखाद्या गोष्टीचा थर अंगावर चढलाय असा भाव. यातून माणसापेक्षा वागणुकीचं विशेषण चांगलं होतं. ज्या लग्नात प्रत्येक विधी कॅमेऱ्यासाठी दोनदा होतो ते ‘रीलकट लग्न’. भटजींना थांबवून अक्षता पुन्हा टाकायला लावणं हा ‘रीलकटपणा’.

-डा. म्हातारडा, मास्तरडा, वाईट कवीला कवडा. तुच्छतेचा प्रत्यय. दोन दिवसांचं शिबिर करून आलेला आणि भेटेल त्याला जगायला शिकवणारा ‘कोचडा’ यात बसतो. मात्र हाच प्रत्यय जातींच्या नावांना लावून माणसांना हिणवलं गेलं आहे. त्यामुळे -डा फक्त माणसानं स्वतः निवडलेल्या भूमिकेला लावा, दुसऱ्या कशालाही नाही.

मानाची पदवी उलटी लावणं. साखरसम्राट, शिक्षणसम्राट हे शब्द वर्तमानपत्रांनी रुळवले. दिसायला गौरव, आत टोचणी. कोणाला साधी शिंक आली तरी हळद-मिरी-गवतीचहाचा पाठ म्हणून दाखवणारा ‘काढामहर्षी’. या साच्यात पदवी जितकी भारदस्त आणि आधीचा शब्द जितका घरगुती, तितका परिणाम मोठा. ‘आरोग्यमहर्षी’ म्हटलं तर कोणी हसणार नाही, खरंच सत्कार चाललाय असं वाटेल.

जुन्या शिवीत नवी वस्तू. हा साचा क्वचितच जमतो, पण जमला की शब्द विसरला जात नाही. ‘मेला, मेल्या’ ही जुन्या घरांतली बायकांच्या तोंडची शिवी. तिच्यात ईमेल सापडतो: ‘ईमेला’, हाक मारताना ‘ईमेल्या’. दोन टेबलं सोडून बसलेला असतो, पण उठून बोलायचं सोडून रात्री मेल टाकतो, तो ईमेला. तसाच ‘नेटगेला’. हॉटेलात बिलाचा क्यूआर समोर आला की ज्याचं इंटरनेट नेमकं जातं तो. ‘नेट’ म्हणजे मराठीत जोर, चिकाटी. नेटानं काम करतो म्हणतो तो नेट. पैसे काढायच्या वेळी तोही गेलेला असतो. एका शब्दात दोन अर्थ आणि दोन्ही त्याच माणसाला लागू, असं जुळलं तर दुसरा शब्द शोधू नका.

इथला मोठा सापळा म्हणजे इंग्रजीतली शिवी मराठीत उचलून आणणं. दोन्ही बाजूंना होकार देणाऱ्याला ‘कुंपणबशा’ म्हणावंसं वाटतं. घरबशाच्या चालीवर बरोबर बसतो, पण कुंपणावर बसण्याची प्रतिमा आपल्या घरातली नाही. आपल्याकडे मुलं ‘तळ्यात-मळ्यात’ खेळतात. ‘तळ्यातमळ्या’ म्हणा. चौथीतल्या पोराला कळेल.

३. एक शब्द शेवटपर्यंत घडवून बघा

वर म्हटलेली ताटाच्या फोटोची खोड घेऊ. वहीतलं वाक्य: सगळ्यांची ताटं वाढलेली असताना फोटोसाठी जेवण थांबवतो.

पहिला शब्द येतो ‘फोटोबाज’. बाद. डोंगरावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढणाराही फोटोबाजच, त्याचा कोणाला त्रास नाही.

मग ‘ताटटिप्या’. टिपणं म्हणजे कॅमेऱ्यात पकडणं, साचा बरोबर. पण मोठ्यानं म्हणा: ताट-टिप्या. दोन ट एकमेकांवर आदळतात, एक गिळला जातो आणि ‘ताटिप्या’ ऐकू येतं. बाद.

‘पानटिप्या’. ‘पानं वाढली’ म्हणतो तेच पान. ट-ची टक्कर गेली, पण पान पुस्तकाचंही असतं, विड्याचंही. शिवाय टिपणं म्हणजे ओलावा पुसून घेणंही. ऐकणाऱ्यासमोर फडक्यानं केळीचं पान पुसणारा माणूस येतो. बाद.

इथपर्यंत तिन्ही शब्दांत एकच चूक आहे: तिन्ही फोटोला शिवी देतात. वाक्यात रेघ ‘थांबवतो’ या शब्दाखाली आहे. आमटी गार होते, भाकरी कडक होते, लहान मुलाचा हात मध्येच थांबतो, हा त्रास. या त्रासाला मराठीत नेमका शब्द आहे, खोळंबा. ‘जेवणखोळंब्या’ करून बघितला तर लांब होतो, शेवटपर्यंत पोचेस्तोवर हसू विरतं. जेवणाऐवजी सगळ्यात लहान तुकडा घ्या, जो हातात उचललेला असताना थांबला आहे: घास.

घासखोळंब्या. उच्चारात चार ठोके, ‘ख’चा जोर बरोबर मधोमध, शेवटी ‘ब्या’ फुटतो. थांबलेला हात डोळ्यांपुढे येतो. फोनचं नाव शब्दात नसल्यामुळे उद्या फोन जाऊन दुसरं काही आलं तरी शब्द चालेल.

४. शब्द चालवून बघा

सुटा शब्द छान वाटतो आणि वाक्यात घातला की लंगडतो, असं फार वेळा होतं. मराठीत शब्दाला विभक्ती लागते, लिंग बदलतं, हाक मारावी लागते. प्रत्येक नवा शब्द या सहा वाक्यांतून न्या:

- घासखोळंब्या आला. (एकवचन)
- घासखोळंबे आले. (अनेकवचन, घरबशाचं घरबसे होतं तसं)
- घासखोळंब्याला शेवटी वाढा. (सामान्यरूप)
- ती मोठी घासखोळंबी आहे. (स्त्रीलिंग)
- अरे घासखोळंब्या, ठेव तो फोन! (हाक)
- हा घासखोळंबेपणा पुरे. (भाववाचक; फुकटेपणासारखा)

सहाही वाक्यं न अडखळता म्हणता आली तर शब्द पास. -खोर शब्दांचं वळण वेगळं: नम्रखोराला, हाक मारताना ‘अरे नम्रखोरा’, भाववाचक ‘नम्रखोरी’. ऊकारान्तात मूळ शब्दाला हात लागत नाही: मथळेखाऊला, मथळेखाऊंना, मथळेखाऊपणा.

हाकेचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मराठी शिवी जगते ती संबोधनात. इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेतला की तो इथेच अडकतो: ‘अरे इन्फ्लुएन्सरा’ म्हणताना जीभ वळते आणि जोर निघून जातो. इंग्रजी शब्द घ्यायचाच असेल तर दोन अक्षरांचा घ्या. रील, कोच, नेट चालतात.

नपुंसकलिंग हे आपलं खास हत्यार आहे, त्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. ‘ध्यान’, ‘कार्टं’, ‘बेणं’ हे शब्द आठवा. माणसाला ‘ते’ म्हटलं की तो एकदम वस्तू होतो. ‘काय ते नेटगेलं!’ हे ‘काय तो नेटगेला!’ यापेक्षा दुप्पट लागतं. लहान मुलाच्या बाबतीत हेच रूप लाडाचं होतं. म्हणून मोठ्या माणसासाठी वापरताना सांभाळून.

५. कानाला कसा लागतो

ट, ठ, ड, ढ, झ, भ, ळ ही अक्षरं मराठी कानाला शिवीसाठी तयार वाटतात: बावळट, लोचट, चेंगट, भंपक, भोंदू, थापाड्या. एकट्या ‘ढ’नं तर वर्गातल्या मुलाचा निकाल लावता येतो. तुमच्या शब्दात यातलं एखादं तरी अक्षर असू द्या, आणि जमल्यास शेवटाकडे. ‘नम्रखोर’मध्ये ते नाही, म्हणून तो शब्द लिहिण्यात जास्त चालतो आणि भांडणात कमी. ‘घासखोळंब्या’ उलट.

ध्वनिमुद्रकात शब्द तीनदा बोला: सावकाश, घाईत, आणि रागानं. घाईत बोलल्यावर वेगळाच शब्द ऐकू येतो का बघा. बिल आलं की सटकणाऱ्यासाठी ‘बिलटाळ्या’ करून बघितला, तर ऐकणारा टाळ्या वाजवायला लागतो. ‘बिलटाळू’ केला तर तोंडातली टाळू आठवते. ‘बिलचुकव्या’मध्ये तर अर्थच फिरतो, कारण कर्ज चुकतं करणं म्हणजे फेडणं आणि चुकवणं म्हणजे टाळणं. तिन्ही खोडल्यावर ‘नेटगेला’ सापडतो.

लांबीबद्दल ढोबळ हिशेब: चार ते सहा अक्षरं. सातव्या अक्षराला समोरचा निघून गेलेला असतो.

६. शब्द आधीच कोणाचा आहे का

दोन्ही कोशांत शोधा. जुन्या कोशांत शोधताना जुनं लेखन लक्षात ठेवा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी अनुच्चारित अनुस्वार लिहीत, म्हणून ‘करणे’ सापडत नाही, ‘करणें’ सापडतं. नुसता पहिला भाग टाकून खालची सगळी यादी नजरेखालून घालणं सोपं पडतं, आणि त्या यादीत विसरलेले सुंदर शब्दही भेटतात.

हे टाळलं तर काय होतं, त्याचं चांगलं उदाहरण ‘अंगठाबहाद्दर’. फोनवर दोन अंगठ्यांनी टंकून लढाया करणाऱ्यासाठी हा शब्द अगदी नेमका वाटतो. पण तो आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ सहीऐवजी अंगठा उठवणारा निरक्षर माणूस. तुम्ही मारायला गेलात शिकलेल्या भांडखोराला आणि घाव बसला शाळा न मिळालेल्या म्हाताऱ्याला. बसून लढणाऱ्यासाठी जुना ‘बोरूबहाद्दर’ तयार आहे, तोच वापरा. बोरू गेला म्हणून शब्द मेला नाही.

म्हणी आणि वाक्प्रचारही तपासा. लांबलचक ध्वनिसंदेश पाठवणाऱ्याला ‘कानभऱ्या’ म्हणाल तर लोक चुगलखोर समजतील, कारण ‘कान भरणं’ म्हणजे चहाड्या सांगणं.

मुळं विसरली जाऊनही शब्द टिकू शकतो, हेही इथे समजतं. मराठी फौजेबरोबर चालणाऱ्या लटांबराला ‘बाजारबुणगे’ म्हणत. फौजा गेल्या, शिवी राहिली. ‘चारशेवीस’ आला १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. ‘अरे तीनशेअठरा’ असं कोणी म्हणत नाही, चारशेवीस आहे तिथेच आहे.

७. हे शब्द करू नका

या पायरीला पळवाट नाही. खालच्यातलं काही शब्दात आलं तर शब्द कितीही झकास असो, वहीत रेघ मारा.

जात आणि जातीशी बांधलेला धंदा. उघड जातीचं नाव कोणी घेत नाही, धंद्याचा शब्द मात्र नकळत येतो. डब्यात रील लावणाऱ्यासाठी ‘फुकटवाजंत्री’ हा शब्द चटकन सुचतो आणि हसूही येतं. पण वाजंत्री वाजवणं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर टाकलेलं काम आहे. तुमचा राग रीलवाल्यावर आणि अपमान सनई-संबळ वाजवून पोट भरणाऱ्याचा. म्हणून ‘डबागाजव्या’. भांडी, चामडं, केस, कपडे, झाडलोट, गाणं-बजावणं यांतला कोणताही शब्द घेताना हा प्रश्न स्वतःला विचाराच.

शरीर, आजार, अपंगत्व. आंधळा, बहिरा, लंगडा, मुका यांचे समास वर्ज्य. न वाचणारा आंधळा नसतो, त्याला डोळे असून तो वाचत नाही आणि त्याची खोड तीच आहे.

बाईपण. पुरुषाला बायकी ठरवणारा शब्द बायकांनाच शिवी देतो. प्रत्येक शब्दाची उलट चाचणी करा: स्त्रीलिंगी रूप पुल्लिंगीपेक्षा जास्त घाण वाटतं का? वाटलं तर शब्दात दोष आहे.

गावाकडची बोली. ‘गावंढळ’ ही खोड नाही, पत्ता आहे.

व्यक्तीचं नाव. एखाद्या चालू नावाची शिवी केली की त्या नावाची शाळेतली पोरं भोगतात. रमेश-सुरेशच्या चालीवर झालेला ‘चमकेश’ चालतो, कारण चमकेश नावाचा कोणी नाही.

कायद्याचंही भान असावं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ किंवा हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम अपमान करणं न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये, बदनामी ३५६ मध्ये, स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करणारा शब्द ७९ मध्ये येतो. खोडीला दिलेलं नाव आणि समोरच्याचं नाव घेऊन जाहीरपणे मारलेला शब्द, या दोन्हींत फरक आहे. विनोदी शब्द पहिल्या कामासाठी घडवायचा.

८. तीन माणसांना ऐकवा

अर्थ सांगू नका. शब्द वाक्यात घालून बोला आणि ‘कसा माणूस असेल हा?’ एवढंच विचारा. तिघांपैकी दोघांनी खोड ओळखली तर शब्द तयार. एकानंच ओळखली तर साचा बदला, कल्पना तीच ठेवा. कोणीच ओळखली नाही तर पहिल्या पायरीवरचं वाक्य पुन्हा लिहा, तेच धूसर असणार.

वेगळ्या भागातल्या माणसाकडून तिखटपणा तपासून घ्या. ‘मेल्या’ हा देशावर झणझणीत वाटला तरी मालवणीत दोस्त दोस्ताला प्रेमानं मेल्या म्हणतो. म्हणजे ‘ईमेल्या’ सिंधुदुर्गात सौम्य होणार. तिथं खरंच चिडायचं असेल तर हा शब्द पुरणार नाही. साठीपुढच्या माणसाकडून जुना अर्थ कळतो, कॉलेजातल्याकडून शब्द तोंडात बसतो की नाही ते कळतं. त्यानं शब्द उच्चारताना खांदे उडवले तर तो तुमच्या पिढीपुरताच राहील.

९. शब्द कसा सोडायचा

व्याख्या देऊन सोडलेला शब्द शाळेतल्या शब्दार्थासारखा मरतो. प्रसंगात सोडा. ताटं वाढली, कोणीतरी फोन काढला, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘थांबा रे, आपला घासखोळंब्या अजून तयार नाही.’ एवढंच. दुसऱ्यांदा तोच शब्द दुसऱ्या दिवशी वापरा, त्याच दिवशी नको. पहिल्यांदा तो अशा माणसावर वापरा जो तुमच्याबरोबर हसेल, आणि स्वतः फोटो काढलात तर स्वतःलाही लावा. मग बाकीच्यांना तो उचलायला संकोच वाटत नाही. हाताखालच्या माणसावर, नव्या सुनेवर, वर्गातल्या एकट्या पडलेल्या मुलावर नवा शब्द कधीच आजमावू नका. त्यांना उलट बोलता येत नाही, मग ती थट्टा राहत नाही.

एकदा दोन-चार जणांच्या तोंडी शब्द गेला की तो झिजायला लागेल. घासखोळंब्याचा नुसता ‘खोळंब्या’ होईल आणि तो जेवणाबाहेर जाईल: सिग्नल हिरवा झाला तरी फोनमध्ये बघत बसलेला, लिफ्टचं दार धरून गप्पा मारणारा, एटीएमच्या आत उभा राहून मित्राशी बोलणारा. दुरुस्त करायला जाऊ नका. वहीत त्या पानावर नवं रूप आणि नवा प्रसंग लिहून ठेवा.